कप्तानाची वकीलबाई

बसच्या सीटवर बसताना ती कोणी शिवली असेल, असा विचार कुणी करत नाही. सीट फाटली तरच शिवणाऱ्याची आठवण होते, आणि तीही चार शब्द सुनावण्यापुरती. बसगाड्यांच्या आगाराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये बाईंची हयात याच कामात गेली होती. जुन्या सीटचं कातडं सोलून काढायचं, चपटा झालेला फोम फेकायचा, नवं रेक्झिन गुडघ्याखाली दाबून ताणायचं, स्टेपल गनने ठोकायचं आणि कोपरे जाड सुईने हाताने आवळायचे. कोपऱ्यांवर त्यांचा भारी जीव. कोपरा सैल राहिला की बसणारा नेमका तिथेच बोट घालतो, असं त्या म्हणायच्या. वादातही त्यांची नजर समोरच्याच्या सैल कोपऱ्यावरच असायची.

म्हणून सगळे त्यांना वकीलबाई म्हणत. कोर्टाची पायरी त्या जन्मात चढल्या नव्हत्या. त्यांची सगळी वकिली चालली ती अंतराळात.

आता इथे ज्यांना नाकं मुरडायची असतील त्यांनी खुशाल मुरडावीत. पन्नाशी उलटलेली, हाताला घट्टे पडलेली विधवा बाई टीव्हीवरच्या अंतराळजहाजांवरून भांडते, हे काय? तर भांडते. मेलेल्या राजांच्या लढायांवरून माणसं एकमेकांची डोकी फोडतात तेव्हा कुणी हसत नाही. ही जहाजं निदान अजून यायची आहेत.

‘सातवा तांडा’ ही मालिका सुरू झाली तेव्हा बाई शाळेत होत्या. पृथ्वी सोडून निघालेलं एक अवाढव्य जहाज, पोचायला कित्येक पिढ्या लागणार, आणि मधल्या पिढ्यांनी नुसतं जन्मायचं, राबायचं आणि मरायचं, अशी ती गोष्ट. पुढे तिची पर्वांवर पर्वं निघाली, सिनेमे निघाले, कार्टून निघालं. तिसऱ्या पर्वात कप्तानाचा नट बदलला, म्हणून ते पर्व घडलंच नाही असं शपथेवर सांगणारी माणसं आहेत. पण खरं भांडण आहे ते पहिल्या पर्वातल्या एकाच भागावरून.

त्या भागात हवाघरातले कामगार काम थांबवतात. हवाघर म्हणजे जिथे सगळ्या जहाजाची हवा शुद्ध होते ती खालची, कोंदट जागा. त्यांची मागणी साधी असते: आमच्या पोरांनाही वरच्या मजल्यावर झोपू द्या. बोलणी चालू असतानाच आत आग लागते. ती कशी लागली, हे दाखवलेलं नाही. कप्तान हवाघराचं पोलादी दार बाहेरून बंद करतो. आग विझते, जहाज वाचतं, आतले वाचत नाहीत. कप्तान दाराला पाठ टेकवून खाली बसतो आणि भाग संपतो.

झालं. त्या दिवसापासून मालिकेच्या चाहत्यांत दोन तट पडले ते पडलेच. दार लावलं ते बरोबर म्हणणारे दारवाले, आणि आतल्यांच्या बाजूचे ते हवावाले. हवावाल्यांचा मुद्दा कायम एकच असायचा, की आग कामगारांनी लावलीच नाही, ती जुनाट तारांमुळे लागली. दारवाल्यांचा मुद्दाही एकच, की कशावरून? या ‘कशावरून’वर लोकांच्या मैत्र्या तुटल्या, आणि एकदा तर लग्न मोडलं.

वकीलबाई हाडाच्या हवावाल्या. त्याचं कारण घरातच होतं.

त्यांचा मोठा भाऊ, दादा, तरुणपणी दोऱ्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे संप झाला, दादा त्यात पुढे होता, आणि संप ऐन रंगात असताना कारखान्याचं गोदाम जळालं. माणूस कुणी मेलं नाही. पण आळ दादावर आला. काही दिवस त्याला कोठडीत ठेवलं आणि काहीच सापडलं नाही म्हणून सोडून दिलं. आगीशिवाय धूर निघत नाही, असं म्हणायला लोकांना पुराव्याची गरज नसते. पुन्हा कुठल्याही कारखान्याने त्याला दारात उभं केलं नाही. ‘मी लावली नाही, पण कुणी लावली ते मला माहीत आहे’ एवढं बोलला असतास तर परत घेतलं असतं, असा निरोपही आला होता. दादा बोलला नाही. नातेवाइकांनी विचारलं, शेजाऱ्यांनी विचारलं, होणाऱ्या सासऱ्याने विचारलं आणि मग तो सासरा झालाच नाही. दादाने कुणालाही हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. विचारणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं, एवढंच म्हणायचा. पुढे तो पाण्याचे पंप दुरुस्त करू लागला आणि अजून तेच करतो आहे. नवरा गेल्यावर बाई त्याच्याच घरी राहायला आल्या.

हवाघराचा तो भाग दोघा भावंडांनी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला होता. भाग संपल्यावर दादा उठला आणि म्हणाला, “हे आत राहिलेल्या माणसाने लिहिलंय.” इतकं लांबलचक वाक्य त्याने त्या वर्षी दुसरं उच्चारलं नसेल.

गावातले चाहते, म्हणजे तांडेकरी, दर रविवारी एका छापखान्याच्या माळ्यावर जमत. शाईचा वास, कागदाचे गठ्ठे, त्या गठ्ठ्यांवरच बैठक. वर्षातून एकदा मोठा वाद व्हायचा, आणि त्याची एक रीत होती. बोलायची बाजू चिठ्ठीवर ठरायची. जी बाजू निघेल ती जीव तोडून मांडायची, आणि ‘हे माझं मत नाही बरं का’ असं म्हणायची सक्त मनाई. वाद संपला की चहा, आणि चहा पिताना प्रत्येकाने आपलं खरं मत एका वाक्यात सांगायचं. तेव्हा मात्र सगळ्यांचे फोन बंद करून टोपलीत. ते मघाशी सांगितलेलं लग्न मोडलं होतं ना, ते चहाच्या वेळचं खरं मत बाहेर गेल्यामुळेच. तेव्हापासून हा नियम. खोटं मत खुशाल रेकॉर्ड करा, खरं मत माळ्याबाहेर जाता कामा नये! असला उफराटा नियम फक्त तांडेकरीच करू जाणे.

त्या वर्षी वकीलबाईंना चिठ्ठी निघाली कप्तानाची. समोर मास्तर. मास्तर म्हणजे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, दारवाल्यांचे मेरुमणी. त्यांच्या नशिबी हवाघर आलं होतं. माळ्यावर हशा पिकला.

मग बाई उभ्या राहिल्या आणि हशा थांबला. त्यांनी जहाज उभं केलं, वरच्या मजल्यांवर झोपलेली हजारो माणसं उभी केली, दाराशी उभा असलेला एकटा माणूस उभा केला. मास्तर तारांवर आले तेव्हा बाईंनी आवाज खाली आणला आणि म्हटलं, “तारा जुन्या होत्या, कबूल. पण जो हात काम थांबवू शकतो, त्या हाताला काडी ओढता येत नाही, असं कोणी सांगितलं तुम्हाला?”

मास्तरांनी तिथल्या तिथे हार मानली. चहा झाला, बाईंनी आपलं खरं मत सांगितलं, सगळे टोपलीतले फोन उचलून घरी गेले. दुसऱ्या दिवशी एका उत्साही तांडेकऱ्याने कौतुकापोटी ते भाषण इंटरनेटवर टाकलं. नुसतं भाषण. चहा कुठून टाकणार?

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ‘सातवा तांडा’चा नवा सिनेमा यायचा होता आणि त्यात हवाघराची गोष्ट पुन्हा सांगितली जाणार होती. या वेळी आग कोणी लावली तेही दाखवणार होते: संपवाल्यांनीच. कामगाराच्या हातात काडी, आणि कप्तान निखळ नायक. त्यावरून आधीच रणं माजली होती. अशात दारवाल्यांना सीट शिवणारी, खणखणीत आवाजाची कष्टकरी बाई आयती सापडली. बघा, कामगार बाईच सांगते आहे! ते ‘काडी’चं वाक्य लोकांनी बनियनवर छापलं. हवावाल्यांनी बाईंना फितूर ठरवलं. खरं मत तर वेगळंच आहे, असं सांगायला माळ्यावरचे लोक धावले. पण पुरावा विचारल्यावर बसले एकमेकांची तोंडं बघत.

बाईंना लोकांचं काही वाटलं नाही. त्यांना वाटलं ते दादाचं.

दादाने ते भाषण गिऱ्हाइकाच्या फोनवर पाहिलं. ते काडीचं वाक्य बाईंचं नव्हतं. कारखान्याच्या फाटकावर, सगळ्या कामगारांसमोर, एका अधिकाऱ्याने दादाकडे बोट दाखवून उच्चारलेलं ते वाक्य होतं. ते किती खोल लागतं हे बाईंनी घरात पाहिलं होतं, म्हणून वादाच्या भरात हात आपसूक त्याच्याकडेच गेला. जिंकायचं म्हटलं की त्यांना भान राहत नसे.

संध्याकाळी त्या कामावरून आल्या तेव्हा दादा जेवून आपल्या खोलीत गेला होता. सकाळी बाईंनी त्याला चिठ्ठीची रीत समजावून सांगायला घेतली. तो पंपाचा पंखा घासत होता.

“रीत मला माहीत आहे,” तो म्हणाला. “पण इतकं छान बोललीस म्हणजे तुला कधीतरी पटलं असणार.”

जगाला उत्तरं देणाऱ्या वकीलबाई डबा उचलून कामाला निघून गेल्या. दादाने पुढे बोलणंच टाकलं. मीठ हवं असेल तर उठून स्वतः घ्यायचा.

त्याच आठवड्यात सिनेमा कंपनीची प्रसिद्धीवाली शेडमध्ये आली. तरुण, चटपटीत, वागायला गोड. फोमच्या ढिगाला वळसा घालून ती बाईंच्या टेबलाशी पोचली. सिनेमाचा जाहीर सोहळा आहे, बाईंनी मंचावर यावं, ते गाजलेलं वाक्य पुन्हा म्हणावं, बस्स.

“आणि त्यापुढे मला काही बोलायचं असलं तर?” बाईंनी सुई न थांबवता विचारलं.

“बोला ना, मनमोकळं बोला. फक्त राजकारण नको हं बाई. लोक गोष्टीसाठी येतात.”

“दार कोण लावतं आणि आत कोण राहतं, हे राजकारण नाही तर काय आहे? भूगोल?”

प्रसिद्धीवाली हसली. तिला ती गंमत वाटली. मालक मागे उभे होते, त्यांनी डोळ्यांनीच ‘जा, जा’ म्हणून खुणावलं. शेडचं नाव होईल म्हणून त्यांना उकळ्या फुटत होत्या. आणि बाईंनी येते म्हणून सांगितलं.

माळ्यावर हे कळल्यावर गहजब झाला. तुम्ही गेलात की ते तुम्हाला शोभेची बाहुली करून उभी करणार, असं एकजण म्हणाला. दुसऱ्याने बहिष्काराचं पत्रक काढू म्हटलं. बाई ऐकून घेत होत्या आणि त्यांच्या नाकपुड्या फुगत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, “माझं तोंड वापरून ते माझ्याच घराला आग लावतायत आणि मी इथे गठ्ठ्यावर बसून पत्रक काढू? जमणार नाही. माझं तोंड आहे, मी जाऊन परत आणते.”

सोहळा दुपारचा होता. मोठं सभागृह, कप्तानाच्या वेशातली पोरं, काडीच्या वाक्याचे बनियन. मास्तर तिसऱ्या रांगेत येऊन बसले होते. बाईंनी कामावरचाच सदरा घातला होता, कारण प्रसिद्धीवालीला तोच हवा होता, आणि बाईंनाही.

नाव पुकारलं. त्या मंचावर गेल्या, माइक हातात घेतला आणि वाक्य म्हटलं. जसंच्या तसं, आवाज खाली आणून. सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

“झाल्या टाळ्या?” बाई म्हणाल्या. “आता ऐका. हे वाक्य माझं नाही. हे एका कारखान्याच्या फाटकावर, एका साहेबाने, माझ्या भावाकडे बोट दाखवून म्हटलं होतं. पुरावा नव्हता त्याच्याकडे, म्हणून वाक्य वापरलं. त्या वाक्याने माझ्या भावाची नोकरी गेली, लग्न गेलं. आणि मी ते एक वाद जिंकायला वापरलं, ही माझी लाज आहे. तुम्ही ते छातीवर छापून फिरता, ही तुमची.”

सभागृहात कुजबुज सुरू झाली. प्रसिद्धीवाली पडद्याआडून हात हलवत होती.

“नव्या सिनेमात कामगाराच्या हातात काडी दाखवली आहे म्हणे. पहिल्या पर्वात ते दाखवलं नव्हतं, म्हणून इतकी वर्षं आपल्याला विचार करावा लागला. आता तो त्रासही वाचला! ठीक आहे. मी आज भांडत नाही. धरून चालते की आग त्यांनीच लावली. स्वतःच्या हाताने, काडी ओढून. आता मला सांगा, दार का लावलं?”

“अहो बाई!” मागून एक हवावाला कळवळून ओरडला. आयुष्यभर लढवलेला किल्ला बाईंनी एका वाक्यात देऊन टाकला होता.

“जहाज वाचवायला!” एका बनियनवाल्याने उत्तर दिलं.

“जहाज म्हणजे कोण रे? आतले जहाजात नव्हते?”

तेवढ्यात माइक बंद झाला. बंद करणाऱ्याला बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं की ही बाई दिवसभर कॉम्प्रेसरच्या धडधडाटात बोलते. बाईंनी माइक खाली ठेवला आणि नुसत्या आवाजावर बोलू लागल्या.

“ज्याने आग लावली त्याला बाहेर काढा आणि मग विचारा. शिक्षा करा. पण आधी दार उघडा! काडी कोणाच्या हातात होती हे ठरेपर्यंत दार लावून ठेवायचं, आणि ठरवणारा दाराबाहेर उभा. याला तुम्ही न्याय म्हणा, शौर्य म्हणा, काय वाटेल ते म्हणा. मी नाही म्हणणार. आणि माझ्या तोंडून ते पुन्हा वाजवलंत, तर मी पुन्हा इथे येईन.”

दोन रखवालदार मंचाकडे निघाले. तेव्हा मास्तर उठले. “मी दारवाला आहे,” ते म्हणाले, “आणि दारवालाच राहणार. पण बाईंचं बोलणं संपेपर्यंत त्यांच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही.” रखवालदार घोटाळले. बाई म्हणाल्या, “संपलं माझं,” आणि आपल्या पायांनी खाली उतरल्या.

बाहेर दोन्ही तटांचे लोक त्यांच्यावर तुटून पडले. दारवाल्यांना शिव्या मिळाल्या होत्या म्हणून राग, हवावाल्यांना काडी कबूल केली म्हणून राग. बाई गर्दीतून वाट काढत रस्त्यावर आल्या. त्या पायीच घरी निघाल्या, कारण आता त्यांना दादासमोर जायची भीती वाटत होती. मंचावर वाटली नव्हती ती.

दादा टेबलाशी बसला होता. समोर उघडलेला पंप, आणि त्याच्या शेजारी फोन. फोनवर सोहळ्याचं थेट प्रक्षेपण होतं, त्याने सगळं पाहिलं होतं.

“कबूल केलंस तू,” दादा म्हणाला.

“वादापुरतं.”

“वादापुरतंच?”

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. दादाला तेच ऐकायचं असेल, असंही बाईंना वाटून गेलं. पण सबंध सभागृहासमोर जे तोंड परत मिळवलं होतं, ते घरी आल्या आल्या खोटं बोलायला वापरायचं? त्यांनी खुर्ची ओढली.

“नाही,” त्या म्हणाल्या. “मी लहान होते तेव्हा वाटलं होतं मला. तुला कोठडीतून सोडलं ना, त्यानंतर बरेच दिवस. तू अंघोळीला गेलास की मी तुझा शर्ट हुंगायचे. रॉकेलचा वास येतो का बघायला.”

दादाचे हात थांबले. “आला?”

“घामाचा यायचा. पण माझी खात्री होत नव्हती. पुन्हा दुसऱ्या दिवशी हुंगायचे.”

“आणि मग तोच शर्ट धुवायचीस.”

“हो.”

“फाटकावर बसलो होतो तेव्हा डबा घेऊन यायचीस. पोरी शाळेत जायच्या आणि तू माझ्याशेजारी रस्त्यावर बसून जेवायचीस. तेव्हाही वाटायचं?”

“तेव्हाही वाटायचं. पण रॉकेलचा वास आला असता, तरी डबा आणला असता.”

दादाने पंप बाजूला सारला. मग त्याने चिंधीला बोटं पुसली, एकेक करून.

“मी नव्हती लावली,” तो म्हणाला.

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “मी कुठे विचारलं दादा?”

“नाही विचारलंस,” दादा म्हणाला. “म्हणून सांगितलं.”